बॉयलर रूममधले नाना

१९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, आमचे नाना विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. त्या दिवसांत तिच्या डेकवरून सीहॉक आणि अलिझे विमानं उडत होती, कॉक्स बाजारवर आणि चितगाववर बॉम्ब पडत होते, आणि यातलं काहीही नानांनी पाहिलं नाही. ते स्टोकर होते. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली, वाफेच्या दाबाचा काटा बघत त्यांचं युद्ध झालं.

नाना म्हणजे माझ्या आईचे मामा, धायरीचे. नवी विक्रांत नौदलात दाखल झाली ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि त्यानंतरच्या थंडीत ते गेले. शेवटच्या काही वर्षांत मी त्यांच्याकडे वही घेऊन बसत असे. आपल्याकडे युद्धाच्या आठवणी लिहिल्या जातात त्या बहुतेक जहाजाच्या ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसांच्या. त्या हव्यातच. पण जहाज चालतं ते खालच्या माणसांवर, आणि ती माणसं काही लिहून ठेवत नाहीत. एकेक करून जातात. नाना सांगत होते तोवर मला ते लिहून घ्यायचं होतं.

धायरीतून समुद्र दिसत नाही, दिसतो सिंहगड. नानांच्या लहानपणी गाव म्हणजे धारेश्वराचं देऊळ, चार आळ्या आणि मळे. त्यांनी पहिलं मोठं पाणी पाहिलं ते खडकवासल्याचं. १९४९ च्या ऑक्टोबरात नेहरूंनी तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली, १९५५ च्या जानेवारीत प्रबोधिनीचं उद्घाटन झालं. मधल्या वर्षांत नाना शाळेत होते. धरणाकडे गेलं की पलीकडे इमारती वर येताना दिसत आणि पुढे पुढे पाण्यात शिडाच्या होड्या. त्या होड्यांत बसणारी मुलं अधिकारी होणार होती. नानांचं शिक्षण तेवढं नव्हतं. पण नेव्ही नावाची गोष्ट असते आणि तिथे पगार, कपडे, जेवण मिळतं हे त्यांना त्या धरणाच्या भिंतीवर कळलं. मिसरूड फुटायच्या आत ते भरती झाले. घरी सांगितलं ते नंतर.

आधी विशाखापट्टणमला बॉइज ट्रेनिंग आणि मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी. आगबोटींची इंजिनं आणि बॉयलर शिकायचे ते घाटमाथ्यावर, धुक्यात. नानांना याचं फार सुख होतं, कारण रजा मिळाली की रेल्वेने पुणं आणि तिथून चालत धायरी. 

शिवाजीवर त्यांना शिकवणारे एक चीफ १९४६ च्या फेब्रुवारीत, नाविकांच्या उठावाच्या वेळी, मुंबईत होते. म्हणजे माझ्या वहीत आहे ते नानांनीही ऐकलेलंच आहे. पण जे त्यांनी सांगितलं ते इतिहासाशी जुळतं. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल स्कूलमध्ये नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध काम थांबवलं. बघता बघता ७८ जहाजं आणि २० किनारी तळ, मिळून वीसेक हजार नाविक त्यात उतरले. कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. २२ तारखेला गिरणगाव रस्त्यावर आलं आणि त्या दंगलीत दोनशेहून अधिक माणसं मेली. परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. २३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली. पुढे ४७६ जणांना नोकरीतून काढलं, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. ते चीफ यातलं सगळं सांगत नसत. ते एवढंच सांगत की गेटवेवर मुंबईची माणसं डबे, फळं, भाकऱ्या घेऊन यायची आणि होड्यांतून आलेल्या नाविकांच्या हातात द्यायची. नाना हे मला सांगताना दरवेळी थांबत. मग म्हणत, “माणसाला जेवायला नीट मिळावं, एवढ्यासाठी झालं गं ते. मागणी काय मोठी होती?” मागणी स्वातंत्र्याचीही होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण बॉयलर रूममध्ये आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाला जेवणाची रांग आधी आठवते.

विक्रांत मूळची ब्रिटिशांची. दुसऱ्या महायुद्धात ‘हर्क्युलिस’ नावाने बांधायला घेतली, १९४५ साली पाण्यात सोडली आणि युद्ध संपलं म्हणून अर्धवट ठेवून दिली. १९५७ साली भारताने ती घेतली. बेलफास्टच्या गोदीत तिचं काम पूर्ण झालं, आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात आली. तिला आणायला जे नाविक बेलफास्टला गेले त्यांत नाना होते. त्यांच्या आठवणीतलं बेलफास्ट म्हणजे ओली थंडी, बटाटे आणि गोदीतले म्हातारे फिटर. या फिटरांबद्दल ते गुरूंबद्दल बोलावं तसं बोलत. बॉयलरच्या अंगाला हात लावून, आवाज ऐकून त्याच्या आत काय चाललंय ते ओळखायला त्या माणसांनी शिकवलं.

त्याच वर्षी १२ जुलैला पानशेत फुटलं. नाना तेव्हा परदेशातच होते, जहाजाचा सराव चालू होता. पुणं वाहून गेलं एवढीच बातमी प्रथम आली. धायरी उंचावर आहे, मुठेचं पाणी तिथवर चढत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आजी, नारायण पेठेत राहायची. घरचं पत्र हातात पडेपर्यंत ते वॉचवरून सुटले की झोपत नसत. आजी शेजाऱ्यांबरोबर वेळेत वर निघाली होती, अंगावरच्या लुगड्यानिशी. नौदलातल्या माणसाच्या घरच्यांना समुद्राची भीती असते. नानांना आयुष्यात सगळ्यांत मोठी भीती वाटली ती मुठा नदीची.

३ नोव्हेंबर १९६१ ला विक्रांत मुंबईला आली. पुढच्याच महिन्यात गोव्याची मोहीम झाली, विक्रांत त्या किनाऱ्याबाहेर गस्तीला होती. १९६५ च्या लढाईत मात्र ती दुरुस्तीला गोदीत होती आणि पाकिस्तानने ती बुडवल्याचा दावा केला. धायरीत कुणीतरी हे ऐकून आलं. नानांची बायको दारात बसून राहिली. पत्र लिहायचं तरी पत्ता एकच असे: फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठेही असो, कोचीनला की सिंगापूरला, पत्ता बदलत नसे. त्यामुळे नवरा नेमका कुठे आहे हे नौदलातल्या बायकांना कधीच कळत नसे. यावेळी तो लायन गेटच्या आत, गोदीत, ठणठणीत होता.

गोदीत असण्याची सल नानांच्या मनात सहा वर्षं राहिली. १९७० च्या जूनमध्ये विक्रांत पुन्हा गोदीत गेली, आणि यावेळी दुखणं त्यांच्याच खात्यात निघालं. तिचे बॉयलर तीन ड्रमचे. वर वाफेचा ड्रम, खाली दोन बाजूंना पाण्याचे दोन ड्रम, मध्ये नळ्यांच्या भिंती आणि त्यांच्यात आग. खालच्या पाण्याच्या ड्रमांना आतून बारीक तडे गेले होते. वेल्डिंग करून ते बुजणारे नव्हते. नवे ड्रम ब्रिटनहून मागवले, पण ते येईपर्यंत बॉयलर पेटवायचे नाहीत असा हुकूम सुटला. सात महिने आग बंद. नाना सांगत, “थंड बॉयलरजवळ ड्यूटी करायची म्हणजे घरात मयत ठेवून बसल्यासारखं.”

मग पूर्व पाकिस्तानातलं वातावरण तापत गेलं, युद्ध होऊ शकतं हे दिसायला लागलं. यावेळीही विक्रांत गोदीत राहिली तर ती ठेवायचीच कशाला, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांनी ती बाहेर काढायचं ठरवलं. १९७१ च्या फेब्रुवारीअखेर नव्या ड्रमांशिवायच ती धक्क्यावरून हलवली आणि १ मार्चला बॉयलर पेटवले. दाब चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर न्यायचा नाही, प्रोपेलरचे फेरे मिनिटाला १२० च्या वर नाहीत. साडेचोवीस नॉटची आगबोट चौदा नॉटवर आली.

हा आकडा मी पुस्तकांतून वाचला होता. नानांकडून कळलं की तो आकडा पाळणं म्हणजे काय. बॉयलर रूममध्ये पंख्यांनी हवा दाबून भरलेली असते. आत शिरायला दोन दारं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही एकदम उघडली तर दाब उतरतो आणि आगीची जीभ बाहेर, माणसांवर येते. आत तेलाचे स्प्रेअर. वरून वेग मागितला की स्प्रेअर लावायचे, कमी केला की काढायचे, आणि प्रत्येक वेळी हवेचं माप त्याच क्षणी बदलायचं. हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर पांढरा. युद्धात धूर म्हणजे क्षितिजापलीकडच्या शत्रूला दिलेला पत्ता. हे सगळं करताना समोरच्या ड्रमच्या पोटात तडा आहे हे प्रत्येकाला माहीत. तो फाटला तर उकळत्या पाण्याची वाफ होऊन खोलीतलं कुणी दारापर्यंत पोचणार नाही, हेही माहीत. मी विचारलं, “भीती नाही वाटायची?” नाना म्हणाले, “काट्याकडं बघायचं का भीतीकडं? दोन्हीकडं नाही बघता येत.”

आणि विमानवाहू जहाजाची गोष्ट आणखी अवघड असते. विमान उडवायचं तर जहाज वाऱ्याकडे तोंड करून जोरात पळवायचं, म्हणजे समोरून येणारा वारा आणि जहाजाचा वेग दोन्ही विमानाच्या पंखांना मिळतात. विक्रांतचा वेग तर बांधलेला. त्यात डेकवरचा कॅटापुल्ट, विमानाला ढकलून देणारं यंत्र, तोही वाफेवरच चालायचा. म्हणजे त्याच वाफेवर दोघांचा हक्क: प्रोपेलरचा आणि कॅटापुल्टचा. एक विमान सुटलं की खाली दाबाचा काटा घसरायचा, आणि पुढचं विमान लागायच्या आत तो जागेवर आणायचा. वरून धडधड असा हादरा यायचा, काटा बुडायचा. नाना तेवढ्यावरून मोजत. ४ डिसेंबरला सकाळी अकराच्या सुमारास आठ सीहॉक कॉक्स बाजारवर गेली, हे इतिहासात आहे. नानांच्या लेखी ते आठ वेळा बुडालेला आणि आठ वेळा वर आणलेला काटा होता. मग तास-दीड तास सगळे गप्प. परत येणाऱ्या विमानाचा आवाज खाली ओळखू येई, तारेत अडकून थांबतानाचा. तो किती वेळा आला हेही ते मोजत. त्या दिवशी हिशेब जुळला.

आदल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली होती. ती विक्रांतला शोधत आली होती. विक्रांत तेव्हा दूर अंदमानात दडवलेली. तिच्या नावाने राजपूत ही जुनी विनाशिका बिनतारी संदेश पाठवत राहिली आणि गाझी त्या आवाजामागे विशाखापट्टणमला आली. तिच्यावरचे नव्वदहून अधिक लोक, सगळेच्या सगळे गेले. ही बातमी विक्रांतवर कळली तेव्हा मेसडेकवर आरोळ्या उठल्या. नानाही ओरडले असणार. पण मला सांगताना त्यांनी तिच्या इंजिनवाल्यांची आठवण काढली. त्यांनाही बाहेरचं काही दिसत नसेल, म्हणाले.

आणि ९ डिसेंबरची खुकरी. दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने ही आपली युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर बुडाले, ती कथा सगळ्या देशाला माहीत आहे आणि ती तशीच माहीत राहायला हवी. नाना मुल्लासाहेबांचं नाव हात जोडून घेत. पण खुकरीच्या बॉयलर रूममध्ये त्यांच्याबरोबर लोणावळ्याला शिकलेला एक जण होता. कोकणातला. टॉर्पेडो लागल्यावर खालच्यांना किती क्षण मिळाले असतील हे नानांना कुणी सांगायची गरज नव्हती. दीवला खुकरीचं स्मारक आहे. तिथे जायचं नानांनी कायम टाळलं, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही.

विक्रांतभोवती पाणबुड्यांवर नजर ठेवणाऱ्या ज्या छोट्या लढाऊ नौका होत्या त्यांत कामोर्ता होती. तिचे कमांडिंग ऑफिसर होते मनोहर प्रल्हाद आवटी. त्या युद्धातल्या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळालं. नाना त्यांच्या हाताखाली कधी नव्हते, पण बॉयलर रूममध्ये पाण्याखाली उभ्या असलेल्या माणसाला, आपल्याभोवती पाणबुडी शोधत फिरणाऱ्या नौकेच्या कप्तानाचं नाव माहीत असतंच. आवटी १९८३ साली पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले आणि राहायला गेले कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीला. माणदेशाच्या उंबऱ्यावर. नानांना हे फार आवडे. “साहेबसुद्धा माळावर गेले बघ,” म्हणत.

पण माळावर बसून आवटींनी जे केलं ते मला थक्क करतं. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, जगात पहिल्यांदा. ती बोट, सुहैली, मुंबईत बांधलेली होती, सागवानाची. बोट आपली आणि प्रदक्षिणा करणारा आपला का नाही, हा ध्यास आवटींनी सोडला नाही. वयाच्या ऐंशीच्या घरात असताना त्यांनी नौदलाकडून सागर परिक्रमा ही मोहीम मंजूर करून घेतली. गोव्यात दिवाडीच्या रत्नाकर दांडेकरांनी म्हादेई ही शिडाची बोट बांधली. १९ ऑगस्ट २००९ ला कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि चार थांबे घेत पुढच्या मे महिन्यात परतले. मग अभिलाष टॉमी, न थांबता. मग तारिणी ही बोट: वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, २१ मे २०१८ ला गोव्यात परत. वर्तमानपत्रातला त्या सहा जणींचा फोटो नानांनी भिंग घेऊन पाहिला. शिडावर? एवढ्या दक्षिणेकडच्या समुद्रातून? ज्या माणसाने उमेदीची सारी वर्षं वाफ राखण्यात घालवली त्याला नुसत्या वाऱ्यावरचा तो प्रवास किती मोठा वाटला असेल! त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला आवटी विंचुर्णीत गेले, ९१ व्या वर्षी. नानांनी ती बातमी कापून सर्व्हिस बुकात ठेवली.

नाना स्वतः चीफ पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडले आणि धायरीला परत आले. बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन पुण्यातल्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट झाले. त्यांच्या डोळ्यांदेखत मळे गेले, सोसायट्या आल्या, धायरी फाट्यावर रस्ता ओलांडणं मुश्कील झालं, २०१७ साली गाव महापालिकेत गेलं. २०१२ साली रशियात विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाच्या चाचण्यांत बॉयलर बिघडले तेव्हा भट्टीच्या आतलं विटांचं अस्तर का ढासळतं हे त्यांनी मला वहीत आकृती काढून समजावलं. आकृती अजून आहे माझ्याकडे, हात कापत असताना काढलेली, तरी प्रत्येक नळी जागच्या जागी.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. नाना आम्हाला घेऊन गेले होते, वरच्या डेकवर भाच्यांची पोरं विमानांभोवती पळत होती आणि ते एका जागी पायाने जमीन दाबत म्हणाले, “हितं, बरोबर हिच्या खाली.” २०१४ साली ती भंगारात तोडली. तिचं पोलाद पुण्याच्याच बजाजने घेतलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत त्याची मोटरसायकल काढली. शेजारच्या मुलाने ती घेतली. नानांनी तिच्या टाकीवर तळहात ठेवला आणि तसाच बराच वेळ ठेवला. मुलाला वाटलं आशीर्वाद देताहेत.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली. नवा ध्वज, त्यावर शिवाजी महाराजांच्या मुद्रेचा अष्टकोन. नानांना ऐकू कमी येत होतं, म्हणून मी मोठ्याने सांगत होते: २६२ मीटर लांब, आपल्याच गोदीत बांधलेली, चार गॅस टर्बाइन. बॉयलर नाहीत. ते म्हणाले, “मग खाली कोण असतंय?” मी म्हटलं, खाली कंट्रोल रूम असते, पडद्यांवर सगळं दिसतं. “पण माणूस असतोय ना?” असतो, म्हटलं.

नाना गेल्यावर मी इतर जुन्या नाविकांकडे जायला लागले. नऱ्हे, वडगाव, शिवणे. या भागात पुष्कळ आहेत आणि सगळे ऐंशीच्या पुढचे. नऱ्ह्याचे एक आजोबा १९७१ साली विक्रांतच्या डेकवर कॅटापुल्टच्या टोळीत होते. मी त्यांना नानांच्या बुडणाऱ्या काट्याचं सांगितलं. ते हसायला लागले आणि मग त्यांचे डोळे भरले. विमान लावून तयार, इंजिन चालू, पायलट हात वर करून बसलेला, आणि खालून वाफ पूर्ण झाल्याची खूण येत नाही; अशा वेळी डेकवर उभं राहून त्यांनी स्टोकरांना काय काय शिव्या घातल्या होत्या ते त्यांनी मला सांगितलं. बॉयलर रूम त्यांनी कधीच पाहिली नव्हती. नानांची ती आकृती घेऊन या म्हणालेत. रविवारी जाणार आहे.